शाफ्ट बदलल्यावरची पहिली फेरी

अण्णा, आपल्या गॅरेजात आज एका शर्यतीच्या गाडीचा इनपुट शाफ्ट बदलला. गाडी तुमच्या धाकट्याची. म्हणजे तो चालवतो ती. मालक पुण्यातला कुणी हौशी माणूस आहे. तुम्ही गेल्यापासून तो कामथडीला येतो तो पाहुण्यासारखा, सणाचं जेवतो आणि उन्हं उतरायच्या आत निघतो. काल मात्र गाडी टेम्पोवर टाकून दारात उभा राहिला. रविवारी शर्यत आहे, पुण्यातला गॅरेजवाला आठवडा मागतोय म्हणून आलो, असं त्यानं आईला सांगितलं. मला नाही सांगितलं. मी पाने काढले आणि गाडीखाली सरकले. राग आला का म्हणाल, तर नाही. आनंदही झाला नाही. गाडीखाली कुणाचं तोंड दिसत नाही, एवढं बरं वाटलं.

गिअरबॉक्सला तुम्ही डबा म्हणायचात, मी अजून डबाच म्हणते. शर्यतीच्या गाडीचा डबा तुम्ही कधी उघडला नाहीत, पण फार वेगळा नसतो. आतले दात सरळ कापलेले असतात, त्यामुळं गाडी चालताना सारखी कुईकुई करते, बाकी मांडणी आपल्या जीपसारखीच. इंजिनाची ताकद क्लचमधून ज्या दांड्यानं डब्यात शिरते तो इनपुट शाफ्ट, आणि क्लच प्लेट बसते त्या त्याच्या खाचा पार पिळवटल्या होत्या. शर्यत सुटताना इंजिन रेस करून क्लच एकदम सोडायचा, हे पुन्हा पुन्हा केल्यावर दुसरं काय होणार. जुना शाफ्ट मी त्याच्या हातात दिला. त्यानं खाचांवरून अंगठा फिरवला. घाई नेहमी त्याचीच असते हे मी मनात म्हटलं, आणि मनातच ठेवलं.

नव्या शाफ्टवर बेअरिंग तापवून, जरा फुगवून चढवायचं म्हणून तेल तापत ठेवलं. हल्ली त्यासाठी यंत्र मिळतं, मी घेतलेलं नाही. मला आपलं तेव्हाचं स्वयंपाकघर दिसतं. गॅसवर आईची पापड तळायची कढई, तिच्यात तारेला बांधून बेअरिंग टांगलेलं, तळाला टेकू द्यायचं नाही म्हणून तुम्ही तार हातात धरून उभे. आई दारात कपाळाला हात लावून. मी नुकतीच आयटीआयला जायला लागलेय आणि मला सगळं येतं. तुम्ही बेअरिंग शाफ्टवर ठेवता, ते अर्ध्यावर अडतं, आणि मी हातोडी उचलते. तुम्ही माझं मनगट धरता. "बसत न्हाई म्हंजी आपलंच कायतरी चुकलंय पोरी. त्याला मारून काय व्हनार?" परत तेलात टाकता, थांबता, आणि दुसऱ्यांदा ते नुसत्या बोटानं खाली उतरतं. ती कढई आईनं पुन्हा स्वयंपाकाला घेतली नाही. त्या दिवाळीला तुम्ही मला साडीऐवजी सर्क्लिप काढायची पक्कड आणलीत, तेव्हाही ती तुमच्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

आज बेअरिंग पहिल्याच वेळी उतरलं. पातळ चकत्या घालून शाफ्टची हालचाल मापात आणली, डबा बंद केला, गाडीवर चढवला. मग चाकं अधांतरी ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. तुम्ही गेल्यापासून मी असंच तपासते. तुमचा नेम होता तसं नाही. ज्यानं डबा बांधला त्यानं पहिल्या फेरीला शेजारी बसायचं, आपलं काम आपल्या जिवावर तपासायचं, गिऱ्हाइकाच्या नाही, असं तुम्ही म्हणायचात. त्याच नेमानं तुम्ही त्या दिवशी जीपमध्ये धाकट्याच्या शेजारी बसलात, आणि पाबे घाटात जीप तुमच्या बाजूनं खाली गेली. समोरून टेम्पो आला, असं तो म्हणाला. दुसऱ्या कुणी टेम्पो पाहिला नव्हता. मी त्याला खोटं म्हटलं नाही आणि खरंही मानलं नाही. तुमचा दहावा झाल्यावर मी त्या जीपचा डबा उघडला. आत सगळं जागच्या जागी होतं. तेव्हापासून मी कुणाच्या शेजारी बसले नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मला कशाचं फारसं काही वाटत नाही.

दुपारी त्यानं गाडी बाहेर काढली आणि शेजारचं दार उघडून धरलं. बॉनेटकडं बघत म्हणाला, "ताय, पयली फेरी. बसतीस?"

मी म्हणाले, सगळं तपासलंय, बसायची गरज नाही. तो म्हणाला, म्हाईत हाय. तरी दार धरूनच उभा राहिला. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मी हात पुसले आणि बसले. त्यानं वाकून माझे पट्टे आवळले, एकेक ओढून पाहिला.

विंझर मागं पडल्यावर कुठं निघालोय ते कळलं. पाबे घाटात तो सावकाश चालवत होता. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा, मी रस्त्याकडं न बघता गिअरच्या दांडीकडं बघत होते. एका वळणाच्या पुढं त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"टेम्पो न्हवता, ताय. समोर कायबी न्हवतं. म्याच लई जोरात घातली."

इतकी वर्षं मला वाटायचं, हे ऐकलं की मी ओरडेन, त्याला मारेन, निदान रडेन तरी. तसं काही झालं नाही. गाडी कुईकुई करायची थांबली होती आणि खालच्या शेतात कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं. तो समोर बघत बसला होता. त्याचे कान तुमच्यासारखे आहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी म्हणाले, "दुसरा गिअर जड पडतोय. उद्या परत उघडाया लागंल."

गिअर त्याच्याच हातात होता. जड की हलका, ते माझ्याआधी त्याला कळणार. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, उघडू की मग. गाडी वळवली.

आता उन्हं उतरलीत, तरी तो ओट्यावर आईशी बोलत बसलाय आणि मी इथं बाकावर हे लिहितेय. पोस्टात टाकायचं नाहीच आहे, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. दुसरा गिअर जड नव्हता, अण्णा. अगदी चांगला पडत होता.