सहाणेवर उगाळलेले दाणे

प्रिय ज्योत्सना,

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून लिहितो आहे. तुझ्या आईची साखर कालपासून तीनदा खाली गेली. सलाईन लावलं की वर येते, दोन-तीन तासांत पुन्हा घसरते. मध्येच तिला दरदरून घाम फुटतो आणि ती मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारते. डॉक्टर म्हणतात, साखरेच्या रोजच्या एवढ्याशा गोळीने असं व्हायला नको. काल तुला मी उपासाची चक्कर म्हणून सांगितलं. फोनवर तोंड उघडलं की माझं भाषण होतं, म्हणून आज कागद घेतला.

दिवाळीत तू नागपूरच्या प्रयोगशाळेतली ती बाटली दाखवायला आणली होतीस. साखर उतरवणाऱ्या गुडमारच्या पाल्याचा अर्क, मोहरीहून बारीक दाण्यांत कोंडलेला. वरचा पापुद्रा पोटात हळूहळू विरघळतो आणि औषध दिवसभर थोडं थोडं सुटतं, असं तू समजावलंस. मी दुसऱ्याच दिवशी अड्याळच्या बाजारात उभा राहून गरजलो, की आपल्या झाडीतला पाला आता कंपन्यांच्या गोळ्यांना हरवणार आणि ते माझी पोरगी करणार! तू चिडलीस. "बाबा, हे आतापर्यंत उंदरांनीच खाल्लं. माणसाले द्याचं नाही." मी हसलो, "आपल्या पाल्याले हे पापुद्र्याचं टोपरं कायले?" तुझी आई म्हणाली, "तुमच्याच तोंडाले घाला एखादं."

बाटली तू फ्रिजमध्ये विसरलीस. फेकून द्या, असा तुझा फोन आला. फेकली, असं मी सांगितलं.

आपल्या घरात पाला-मुळी कधी अख्खी दिली नाही. माझा बाप सहाणेवर उगाळूनच द्यायचा. शनिवारी आणि रविवारी सकाळी मी ते दाणे तसेच पाण्यात उगाळले, पार गंधासारखे होईपर्यंत, आणि तुझ्या आईला पाजले. तिची गोळीही चालूच होती. ज्या पापुद्र्यासाठी तू चार वर्षं घालवलीस, तो मी पाच मिनिटांत भरडून टाकला. रविवारी दुपारी भात वाढता वाढता ती खाली बसली, ती उठेचना.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "काका, काही झाडपाल्याचं दिलं काय?" हजार माणसांपुढे न अडखळणारा मी, नुसती मान हलवून नाही म्हणालो. तुझी नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, असं मनाला समजावत होतो. ते खोटं आहे. मला लाज वाटली.

तुझा चुलतभाऊ कुलदीप घरून उरलेली बाटली घेऊन आला आहे. एका दाण्यात अर्क किती, पापुद्रा कशाचा, सगळा अर्क एकदम पोटात गेला तर त्याचा असर किती तास उतरत नाही, हे फक्त तुलाच ठाऊक. या पत्राचा फोटो कुलदीप तुला आत्ता पाठवतो आहे. तू लगेच फोन कर आणि थेट डॉक्टरांशी बोल, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. ते आईच्या खाटेजवळ आले आहेत. बाटली आणि हा कागद त्यांच्या हातात देतो.

तुझाच,
बाबा