अक्षता न पडलेला धवला

मी, खाली सही करणारी रतन, तुळशीराम नाखवा यांची मुलगी, वय वर्षे चौतीस, धंदा सुकी मासळी, राहणार किहीम, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, पतीचे नाव ____________, पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी येत्या सोमवारी मुंबईच्या इस्पितळात जाणार असल्याने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. मराठी चौथी पास असल्याने अक्षर माझेच आहे. कायद्याचे शब्द तेवढे दस्तलेखक दिनानाथभाऊंनी सांगितले.

पतीच्या नावाची जागा मी रिकामी सोडली आहे. दिनानाथभाऊ म्हणाले, "रतनबाय, कुमारी लिवा, न्हायतर अमक्याची बायको लिवा. मधला काय कायद्यात न्हाय." मी म्हटले, मी मधलीच आहे, तोच तर घोळ आहे.

कलम १. घराचा माझा हिस्सा, म्हणजे दर्याकडची खोली आणि ओटी, धाकटा भाऊ रघू याला द्यावा. पोस्टातली शिल्लक त्याच्या मुलीच्या शाळेसाठी. तिने चौथीच्या पुढे शिकावे, एवढीच अट.

कलम २. बोंबील टांगून वाळवायच्या वलांड्या, विळी आणि दोन्ही पाट्या वहिनी नीराबाई हिला. ती मला "तबकडीतली नवरी" म्हणत असे. पण यंदाच्या दुखण्यात पेज तिनेच भरवली. फिटंफाट झाली.

कलम ३. चावीचा ग्रामोफोनही रघूलाच. बाबांनी तो माझ्या लग्नात द्यायला आणला होता. लग्न झाले नाही, पेटी मात्र राहिली. हे लग्न कसे राहिले, ते इथे लिहिते, कारण पुढची कलमे त्यावरच आहेत.

माझी आत्या सोनूबाई धवलारीण. आमच्याकडे लग्न तीच लावते. ती एकेक विधी गात पुढे नेते, नवरानवरीची नावे घेते आणि शेवटच्या कडव्याला अक्षता पडतात. सन १९४९ साली मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीने तिला बोलावून धवला, म्हणजे हे लग्नाचे गाणे, भरून घेतला. तीन तबकड्या, सहा बाजू. साहेब म्हणाला, नावे नकोत. आत्या म्हणाली, "नाव न्हाय घेतला तं लगीन कोनाचा लावू?" तेव्हा माझी गुणाजीशी सोयरीक ठरली होती, वैशाखात लग्न होते. तिने प्रेमाने आमची नावे घेतली.

तबकड्या चैत्रातच गावात आल्या आणि वाजल्या. मग गुणाजीच्या घरचे म्हणू लागले की धवला लागला, म्हणजे लग्न लागले; एका जोडप्याला दोनदा धवला लावणे अशुभ, मुलगी तशीच पाठवा. बाबा म्हणाले, "माझी पोर हळदीबिगर उंबरा ओलांडनार न्हाय." पंचांमध्ये चांगदेवमामा होते. त्यांनी निकाल दिला की लग्न झालेले आहे, हळद नको. बाबा हटले नाहीत, ते लोकही हटले नाहीत. दोन वर्षे मी लग्न झालेली आणि न झालेली, अशी ओटीवर बसून बोंबील निवडत राहिले. मग गुणाजीने न्हावे गावची गोदू बायको केली. त्या लग्नाला आत्या गेली नाही, दुसरी धवलारीण आणावी लागली.

गेल्या वर्षी कंपनीने आत्याकडून तोच धवला पुन्हा भरून घेतला. या वेळी व्हायोलिन, क्लॅरिनेट, तबला आणि चार तबकड्या. त्यात आत्याने नावे घेतली गुणाजी आणि गोदू. मी जाऊन विचारले, हे काय केलेस? म्हणाली, "तुला सोडवली गो." सोडवली की काढून टाकली, ते मला अजून कळलेले नाही.

तेव्हापासून मी दोन्ही संच पाठोपाठ लावते. जुन्यात खरखर आहे, आत्याच्या बांगड्या वाजतात, एकदा कावळासुद्धा ओरडतो. पण आवाज असा की हातातले काम थांबते. नव्यात सगळे स्वच्छ आहे. तरी आत्याचे पुढचे दात गेल्याने शब्द निसटतात आणि ती क्लॅरिनेटची वाट बघत थांबते. धवलारीण कोणाची वाट बघत नसते. मला जुनाच आवडतो. नव्यात माझे नाव नाही म्हणून आवडत नाही की खरोखरच गाणे उणे आहे, हे माझे मला सांगता येत नाही.

पण नव्याची आठवी बाजू ऐकली आणि मी उठून उभी राहिले. त्यात अक्षतांचे कडवे आहे. जुन्यात ते नाहीच! जुन्याची सहावी बाजू अंतरपाटापाशी तुटते. इतकी वर्षे मला वाटे, पेटीची चावी उतरली. आत्याला विचारले तर म्हणाली, "साहेबान हात वर केला, तबकडी भरली. मंग मी काय करू?" म्हणजे आमच्यावर अक्षता पडल्याच नव्हत्या. लग्न लागलेच नव्हते. वैशाखात हळदीसकट सुखाने लागले असते. पंचांपैकी कोणी ती बाजू शेवटपर्यंत ऐकली नाही, कारण तोवर सगळे भांडायला लागले होते.

कलम ४. ग्रामोफोनच्या बोथट झालेल्या सुयांची डबी चांगदेवमामांना द्यावी. त्यांनी ती समोर ठेवून एक तबकडी पूर्ण ऐकावी.

कलम ५. नवा संच आत्याकडे परत जावा. तिच्यावर माझा राग आहे, पण तिच्याइतकी माझी बाजू कोणी लावून धरलेली नाही.

कलम ६. जुना संच गुणाजीला द्यावा, असे लिहिले होते. दिनानाथभाऊ म्हणाले, गुणाजी साक्षीदार म्हणून यायचा आहे, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये. साक्षीदार परका हवा. तेव्हा असे ठरवते: गुणाजीने सही केली तर तो माझा कोणी नाही, संच दर्यात टाकावा आणि मला कुमारीसारखे न्यावे. सही केली नाही तर संच त्याचा. मला काय हवे आहे, ते मला ठाऊक नाही. म्हणून त्याच्यावर सोडते.

पुढचे त्याच दिवशी दुपारी लिहिले. गुणाजी आला, बरोबर गोदू होती. दिनानाथभाऊंनी सहावे कलम वाचून दाखवले. गुणाजीने टाक हातात घेतला.

"सही केली म्हंजे मी तुझा कोनी न्हाय, असाच ना?"

"व्हय."

त्याने टाक दौतीत बुडवला, पण कागदाला टेकवला नाही. मग टाक ठेवला. "न्हाय जमनार मला," म्हणाला, आणि तबकड्यांना हातही न लावता बाहेर गेला. मला आनंद झाला. गोदू समोर उभी असताना झाला, त्याची लाजही वाटली.

गोदू मात्र गेली नाही. म्हणाली, "तुझी हळद राहिली ना गो?"

कलम ७. मी परत आले नाही तर जाळण्याआधी माझ्या अंगाला हळद लावावी. गोदूने लावावी. ती हो म्हणाली आहे. पतीच्या नावाची जागा रिकामीच ठेवावी, कोणी मागून भरू नये.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: रतन

आमच्या समक्ष सही केली:
१. सदा गोमा पेरेकर, तांडेल, किहीम
२. ~~गुणाजी~~ दिनानाथ बाळकृष्ण, दस्तलेखक, अलिबाग
(आधीच लिहून ठेवलेले नाव माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. रतन)

मुक्काम किहीम, दिनांक ७ मार्च १९६३