माझं दूध आणि तिचं विकर

११ फेब्रु.
लेक आज सहा दिवसांची. पुन्हा ओकली. अंगावर पाजलं की सगळं बाहेर. डोळे पिवळे, रडायलाही जोर नाही. आईला वाटतं माझं पथ्य चुकलं. तिने वर्ध्याहून आणलेले डिंकाचे लाडू कालच बंद केले. फरक नाही.

१२ फेब्रु.
इथे दिल्लीतच, द्वारकेतल्या इस्पितळात भरती केलं. यकृत सुजलंय. रक्त तपासणीला गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, रिपोर्ट येईपर्यंत माँ का दूध बिल्कुल बंद, सोयाचं देऊ. आई मोडक्या हिंदीत त्यांच्यावर उसळली, "माँ का दूध कभी बाधता है क्या?"
छाती दुधाने दगड झालीये. बेसिनमध्ये पिळून टाकलं. बघवेना.

१४ फेब्रु.
दोन दिवस सोया. ओकणं थांबलं! आज चक्क भुकेने रडली. तिचा बाबा, नितीन, काचेला नाक लावून उभा. म्हणजे माझ्या दुधानेच…

१६ फेब्रु.
रिपोर्ट आला. गॅलॅक्टोसेमिया. दुधातल्या साखरेतून गॅलॅक्टोज निघतं, ते शरीराला वापरता येईल असं करून देणारं एक एन्झाइम असतं. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "इसमें वो काम ही नहीं करता." म्हणून गॅलॅक्टोज साठत गेलं, यकृतात, डोळ्यांत.
नितीनला म्हटलं, एन्झाइम म्हणजे विकर. दिल्लीत वाढलेला नवरा. म्हणाला, "विकार?" इतक्या दिवसांनी हसले, आणि मग रडलेच.
शाळेत पाठ केलं होतं : विकर रासायनिक क्रियेचा वेग वाढवतं, स्वतः खर्च होत नाही. दोन मार्कांचं उत्तर. ते नसलं तर काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

२१ फेब्रु.
आमच्या दोघांच्या तपासण्या. दोघांतही ते विकर साधारण निम्मंच काम करतं. पण निम्म्यात भागतं! बत्तीस वर्षं दूध, दही, बासुंदी खाल्ली. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आत एकेक कण घेतं, बदलतं, सोडतं, पुन्हा पुढचा घेतं. न थकता. मी हे लिहितेय तेव्हाही.
दोघांकडून त्या जनुकाची बिघडलेलीच प्रत तिच्या वाट्याला आली. दोष कुणाचा? कुणाचाच नाही, डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं. आईने एकदाच ऐकलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

२८ फेब्रु.
घरी. पिवळेपणा गेला. डोळ्यांत पडलेला मोतीबिंदूचा धूसर डाग विरतोय म्हणे. आईने स्वतः पाणी उकळून सोया कालवलं. "तिला जे पचतं तेच अमृत," एवढंच बोलली.
माझं दूध आता आटत आलंय.

२० मार्च
तपासणी. वजन छान. मी विचारलं, आता सगळं ठीक ना? डॉक्टरबाईंनी सांगितलं, दूध आयुष्यभर नाही. आणि अशा काही मुलांना बोलायला उशीर होतो, काहींना नाही. देखते हैं, म्हणाल्या.
मी दिवसभर तिच्याशी बोलते. काहीही, भाजीचे भावसुद्धा. ती माझ्या ओठांकडे टक लावून बघते. आज तिनेही ओठ हलवले. आवाज आला नाही.