सुमनचा हात

मंगळवार, ड्युटीवरून आल्यावर

पेणच्या हॉस्पिटलात इतकी वर्षं नर्स आहे, पण आज केलं ते बरोबर की चूक? मिठागरात राबलेले धर्माकाका दुपारी अखेरच्या घटका मोजत होते, लेकीला हाका मारत होते. सुमन रोह्याहून निघालेली, नागोठण्याला अडकलेली. त्यांची बायको, काकी, म्हणाल्या, “सिस्टर, तुमी हात धरा. त्यांना आता दिसत नाय.”

मी धरला. काकी त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “सुमन आली हाय.” त्यांनी हात घट्ट दाबला. तसेच गेले. माझा हात, तिचा नव्हे.

अर्ध्या तासाने सुमन आली. “बाबांनी माझी आठवण काढली?”

काकीच बोलल्या, “तुझा हात धरूनच गेले गो.”

सुमनने माझ्याकडे पाहिलं. तो हात माझा होता, हे तिला कळलं असावं. तिने बापाचा तळहात गालाला लावला.