एक वळलेला कोपरा

ता. ६ फेब्रुवारी

चि. घड्याळजी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कर्र-टक्, कर्र-टक्. दुपारी मी शाळेच्या वह्या तपासत बसायचो आणि भिंतीपलीकडून तुझ्या ताईच्या रंग जुळवायच्या क्यूबचा हा आवाज यायचा, कोणी पाठ केलेली कविता पुटपुटावी तसा. शेवटचं टक् झालं की पैज जिंकल्याच्या थाटात ती मला चहाला पिटाळायची.

आता घरात बोलतो तो फक्त फ्रिज. परवा तिचा क्यूब खिडकीतून उचलला आणि संगणकावरच्या त्या साइटवर सहाही बाजूंचे चोपन्न रंग एकेक करून भरले. वीसेक चालींत जुळवून देतो म्हणणाऱ्या त्या शहाण्याने मलाच सुनावलं की असा क्यूब असूच शकत नाही, एक कोपरा वळलेला आहे. मी मास्तर माणूस. चूक माझीच धरून चार वेळा भरलं. चारही वेळा नापास.

शेवटच्या सहा महिन्यांत तिला तो जुळेना, आठवतं? एरवी पाव तासात जुळवणारी बाई! त्यावरूनच मी ताडलं होतं की तिचं डोकं साथ सोडतंय. आता वेगळीच शंका येते. त्याच्या थोडं आधी क्यूब पडून फुटला तेव्हा तूच जोडून दिलास ना? काय केलं होतंस? आणि ती गेल्यापासून वर्षभर इकडे फिरकला नाहीस. रागावलायस का, तेही लिही.

लोभ तुझ्या दुकानातल्या घड्याळांसारखा मागे पडू देऊ नकोस.
तुझा,
भाऊजी


ता. १५ फेब्रुवारी

ती. भाऊजींना सा. न. वि. वि.

राग कसला, भाऊजी? तोंड दाखवायची लाज.

ताई पिशवीत तुकडे घेऊन आली तेव्हा दुकानात गर्दी होती. घड्याळाचा एक स्क्रू इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नाही. पण हे खेळणं, म्हणून हाताला येतील तसे ठोकळे दाबून बसवले आणि तिला म्हटलं, रंग तुझे तू जुळव. महिन्याभराने एका गिऱ्हाइकाने सहज सांगितलं की असा वाटेल तसा जोडलेला क्यूब बारांतून अकरा वेळा जन्मात जुळत नाही.

त्याच रविवारी सांगायला आलो होतो. ताई पलंगावर क्यूब घेऊन बसलेली. मला म्हणाली, बघ रे, तुझ्या बहिणीचं डोकं गेलं. मी हसलो, भाऊजी. हसून, चहा पिऊन परत गेलो. मग प्रत्येक रविवार पुढच्या रविवारवर ढकलला, आणि रविवारच संपले.

तुमचा जिना चढायची हिंमत नाही. येणार नाही. माफीही मागत नाही, कुठल्या तोंडाने मागू?

लोभ शिल्लक असेल तर त्यातला चिमूटभर असू द्यावा.
आपला,
घड्याळजी


ता. ४ मार्च

चि. घड्याळजी,
आशीर्वाद लिहिताना हात अडला, तरी लिहितो.

सतरा दिवस उत्तर दिलं नाही. बोलायला माणूस नाही, म्हणून भिंतीसमोर उभं राहून तुला शिव्या घातल्या. त्या संपल्या तेव्हा माझी पाळी आली.

तू एक कोपरा चुकवलास. मी काय केलं ऐक. क्यूब जुळत नाही म्हणून तिच्या हातून गॅसचा लायटर काढून घेतला. तिच्या गोळ्या मी मोजून देऊ लागलो. पहिलीतल्या मुलीशी बोलावं तसं तिच्याशी बोलू लागलो. एका दुपारी तिने शाळेतली एक लांबलचक कविता मला अखंड म्हणून दाखवली, एकही ओळ न गाळता. मी म्हटलं, शाब्बास, आता पड जरा. त्या कवितेतून ती मला काय सांगत होती, ते मला आत्ता कळतंय.

काल अंगठ्याने जोर लावून तो कोपरा सरळ केला. साइट लगेच वरमली. एकोणीस चाली, म्हणाली. मी एकही फिरवलेली नाही. तिचा हात जिथे थांबला, तिथून पुढे एकट्याने जायला...

बेल वाजली. दूधवाला तर सकाळीच येऊन गेला. बघून येतो.

हे पत्र आता पेटीत टाकायचं नाही. तू समोर बसलायस, धापा टाकतोयस, पायातली चप्पलसुद्धा काढलेली नाहीस. उत्तर आलं नाही म्हणून आलो, एवढंच कसंबसं म्हणालास. माझ्या तोंडून तर तेवढंही फुटत नाही. म्हणून हा कागद तुझ्यापुढे सरकवतो. सावकाश वाच. मी चहा टाकतो.