आ करा आणि ऐका

४ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमच्या भावापुढे मी हात टेकले. दातांचा दवाखाना चालवायचा आहे की कवितांचा, हे एकदा तुम्हीच त्यांना विचारा. पेशंटने आ केला, तोंडात कापूस बसला, की हे सुरू. त्या बिचाऱ्याला ‘वा’ म्हणता येत नाही आणि ‘पुरे’ही. काल एका बस-ड्रायव्हरला स्वतःचीच ऐकवली:

अक्कलदाढ उशिरा आली,
जागा नाही, तरी बसली;
पाहुणी असली हट्टी बाई,
ऊठ म्हटलं तर रुसली!

वर मशीन थांबवून दाद मागितली. तो माणूस अर्धवट कोरलेली दाढ घेऊन उठला आणि उरलेलं काम दुसरीकडे करतो म्हणून निघून गेला. असे बरेच गेले. काउंटरवर मी बसते, लोकांचे चेहरे मला बघावे लागतात. तुमचं ऐकतील, चार शब्द सुनावा.

गुडघा कसा आहे? माया असू द्याच, पण आधी त्यांचे कान उपटा.

तुमची भावजय

११ जून

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा कुरकुरतोच आहे. त्याला कडक पत्र टाकलंय. दवाखान्यात एक ओळ जरी म्हटलीस तर माझ्याकडे जेवायला येऊ नकोस, असं बजावलंय. पोटापुढे तो कवितेलाही विचारत नाही.

लहानपणी न्हाव्याच्या खुर्चीत त्याला कात्रीची भयंकर भीती वाटायची. रडू येऊ नये म्हणून शाळेतल्या कविता पुटपुटायचा. न्हावी वैतागायचा, मी शेजारी उभी राहून लाजेने मरायचे. तेव्हा तुझा वैताग मला नवा नाही.

मुलांना गोड पापा. आठवण ठेव, रागावलेली असलीस तरी.

तुझी नणंद

२९ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र भलतंच लागू पडलं. ते अगदी गप्प झाले, घरीसुद्धा. आणि परवा नेमकी माझीच दाढ काढायची वेळ आली. वन्सं, त्या खोलीत नुसती हत्यारांची खणखण ऐकू येते हो! मी त्यांची बाही धरून ओढली. दुखतंय का म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. मग कळलं त्यांना की मला कविता हवी आहे, तर म्हणाले, ताईने बंदी घातली आहे. तोंडात कापूस, भांडू कशी? हात जोडले, तेव्हा विचारतात, विनोदी हवी की गंभीर? दाढ अर्धी उपटलेली आणि हा माणूस मला निवड करायला लावतोय!

शेवटी म्हटली एक. माझ्यावरच केलेली होती, कधी केली देव जाणे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुखतंय समजून त्यांनी आणखी एक इंजेक्शन ठोकलं. संध्याकाळपर्यंत ओठ बधिर, त्यामुळे आवडली हे सांगायचं राहूनच गेलं.

तुम्हीही सांगू नका. बंदी मात्र उठवा, आणि आमच्यावरचा जीव असाच राहू द्या.

तुमची भावजय