बुडबुड्यांचे भिंग

॥ श्री ॥
धाराशिव, ता. १२ सप्टेंबर १९४६

तीर्थरूप अण्णांस नीलम्माचे शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आपले पत्र पावले. दिवाळीनंतर इथलं घर बंद करून सोलापुरास यावं, एकट्या बाईनं राहण्याचे हे दिवस नव्हेत, असं आपण पुन्हा लिहिलंत. मी पुन्हा मुदत मागते; पण या खेपेस हातात काम आहे. वकिलांच्या घरच्या हमिदाबींची अन्वरी बकरीदनंतर, मोहरम लागायच्या आत, सासरी हैदराबादेस जाणार. जाण्याआधी तिचा एक मोठा फोटो घरात राहावा, अशी आईची इच्छा. घरात पडदा असल्यानं पुरुष फोटोवाला चालत नाही, म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

ह्यांचा लाकडी कॅमेरा आहे, पण त्याला डोळा नाही, हे आपण जाणता. ह्यांनी विलायतेहून भिंग मागवलं आणि लढाई लागली. भिंग आलं नाही, आणि पुढं मागवणारेही राहिले नाहीत. फिल्म धुणं आणि फोटो छापणं शाळेच्या लहान कॅमेऱ्यावर ह्यांनी मला शिकवलं होतं. ते हात विसरले नाहीत.

फोटो साधला, तर आणखी घरं बोलावतील आणि मी माझ्या घरात राहीन. बिघडला, तर मुकाट्यानं ट्रंक भरीन. हा माझा शब्द. तेव्हा पहिलं भिंग कसं निवडावं, ते वर्गात सांगता तसं सांगावं.

सौ. वहिनींस नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपली
नीलम्मा


॥ श्री ॥
सोलापूर, ता. १९ सप्टेंबर १९४६

चि. नीलम्मास गुंडाप्पाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझा प्रश्न वाचून शाळेच्या वह्या तपासायच्या बाजूस ठेवल्या. असा सुंदर प्रश्न माझ्या वर्गात वर्षानुवर्षे कोणी विचारलेला नाही.

प्रथम हे ध्यानात धर, की भिंग चौकोनी चित्र पाडीत नाही. ते उजेडाची गोल भाकरी थापते. तुझ्या फिल्मचा चौकोन त्या भाकरीतून कापून निघाला पाहिजे. भाकरी लहान असेल, तर चौकोनाचे चारही कोपरे काळे राहतील. म्हणून लहान कॅमेऱ्याचे भिंग, ते कितीही झगझगीत असो, तुझ्या उपयोगाचे नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. दूरची वस्तू स्पष्ट दिसताना भिंग आणि चित्र जिच्यावर पाहायचे ती मागची घासलेली काच यांत जे अंतर पडते, ते तुझ्या फिल्मसाठी आठ ते दहा इंच असावे. त्याहून फार आखूड भिंग घेतलेस, तर चेहरा भरण्यासाठी तुला अगदी जवळ जावे लागेल आणि मुलीचे नाक उगाच मोठे दिसेल. फार लांब घेतलेस, तर तुझ्या कॅमेऱ्याचा भाता तितका ताणला जाणार नाही, आणि दालनाच्या भिंतीत पाठ रुतवूनही तुला मागे सरकता येणार नाही. आत छिद्र लहानमोठे करण्याची सोय हवीच. शटर असल्यास उत्तम. नसल्यास बसलेल्या माणसासाठी भिंगावरची टोपी काढून पुन्हा लावणे पुरते.

परीक्षा अशी करावी. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून ते घासलेल्या काचेवर पाहावे. मधली अक्षरे सगळीच भिंगे दाखवतात. खरे-खोटे कोपऱ्यात कळते. आणि एक गंमत करून पाहा: भिंगाचा अर्धा भाग हाताने झाक. चित्र अर्धे होत नाही, केवळ मंद होते; कारण भिंगाचा प्रत्येक कण संपूर्ण चित्र घडवीत असतो! हे मी दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी मला नवल वाटते.

विकणाऱ्यापासून मात्र सावध राहा. लढाईपासून नवा माल नाही, आणि जो तो जुना माल नवा म्हणून खपवीत आहे. माणूस जितका गोड बोलेल, तितके त्याचे भिंग बारकाईने पाहावे.

प्रकृतीस जपून पत्राचा ओघ चालू ठेवावा, हा आशीर्वाद.

तुझा
अण्णा


॥ श्री ॥
धाराशिव, ता. ६ ऑक्टोबर १९४६

तीर्थरूप अण्णांस सा. न. वि. वि.

आपली भाकरी फार कामी आली. बाजारातल्या घड्याळवाल्यानं एक लखलखीत भिंग दाखवलं आणि याच्यासारखं अख्ख्या निजामशाहीत न्हाय, असं वर सांगितलं. काचेवर पाहिलं, तर मधे पुरीएवढा उजेड आणि भोवती अमावास्या. दुसरं पडद्यावर चित्रं दाखवायच्या मॅजिक लँटर्नचं निघालं. त्यात छिद्र लहान करायची सोयच नव्हती. दोन्ही परत केली.

तिसरं पाशामियाँचं. हे इथले जुने फोटोवाले; मोतीबिंदूमुळं आता काम सोडलं आहे. भिंग नऊ इंची, पितळेच्या नळीत बसवलेलं, छिद्राची कडी लोण्यासारखी फिरते. शटर नाही. काचेच्या आत मात्र तिळाएवढे चार-दोन बुडबुडे आहेत. मी ते बोट ठेवून दाखवले, तर म्हातारा हसला. म्हणाला, बेटी, ते कारखान्यातूनच आलेत, माझ्या आधीपासनं आत राहतात. किंमत आत्ता नकोच, फोटो निघाल्यावर बोलू, तोवर घरी नेऊन परख, असंही म्हणाला. का विकता, असं विचारलं, तर उत्तर आलं की तीस वर्षं ह्यानं लई मिशा बघितल्या, आता जरा दुसरं काही बघू दे.

माणूस गोड बोलतो, म्हणून आपलं वाक्य आठवून मला रात्रभर झोप नाही. काय करावं ते कळवावं. दिवाळी जवळ आली. वहिनींच्या हातच्या शेंगापोळीची आठवण आहे, तशी माझीही तिकडं राहावी.

आपली
नीलम्मा


॥ श्री ॥
सोलापूर, ता. १३ ऑक्टोबर १९४६

चि. नीलम्मास अनेक आशीर्वाद. विशेष.

भिंग घेऊ नये.

कारणे क्रमाने सांगतो. काचेत बुडबुडा म्हणजे काचेत दोष. दोषी काचेतून निर्दोष चित्र कसे निघेल? शटर नाही, तू टोपी उचलताना हात कापला, तर नवरी मुलगी हललेली दिसेल. आणि सर्वांत संशयास्पद म्हणजे तो मनुष्य. पैसे न घेता वस्तू घरी नेऊ देणारा एक तर साधू असतो, नाही तर वस्तू त्याला घरातून घालवायची असते. ते कधी पडले असेल, आतली काच कोणी उलटी बसवली असेल, किंवा ते मुळात त्याचे नसेलच. इथून चांगले भिंग पाठवावे, तर निजामाच्या हद्दीवर जकातीच्या करोडगिरी नाक्यावर चार ठिकाणी उघडून पाहतील. थोडे थांबावे. मुंबईस नवा माल येईल, तेव्हा पाहू.

अन्वरीच्या आईस नम्रपणे नकार कळवावा. त्यात कमीपणा नाही.

तुझे हित पाहणारा
अण्णा

ता. क. नीलम्मा, त्यांनी पाकीट बंद करायला दिले, म्हणून दोन ओळी लिहिते. मागच्या खोलीला चुना दिला आहे. तुझा हात पोचेल अशा उंचीवर फळीही ठोकून घेतली. पंधरा दिवस झाले, रोज जाऊन तिच्यावर हात फिरवून येतात. शेंगापोळ्या वेगळ्या पाठवते. — लक्ष्मम्मा


॥ श्री ॥
धाराशिव, ता. २१ ऑक्टोबर १९४६

तीर्थरूप अण्णांस सा. न. वि. वि.

पत्र आणि ताजा कलम, दोन्ही वाचले. दुसरं आधी समजलं.

अण्णा, भिंगावर संशय घ्यायला आपण शिकवलंत. आता मला आपलाच संशय येतो. बसलेल्या माणसाला टोपी पुरते, असं सप्टेंबरात लिहिलंत. ऑक्टोबरात त्याच टोपीनं नवरी मुलगी हलू लागली! मधल्या काळात टोपी बदलली नाही. खोलीला चुना लागला, एवढंच.

बुडबुड्यांचं म्हणाल, तर आपलाच धडा मी भिंगावर लावला. तिळाएवढा काळा कागद भिंगावर चिकटवून काचेवर पाहिलं. चित्रात तीळ कुठंच दिसत नव्हता. प्रत्येक कण संपूर्ण चित्र घडवतो, हे आपलं वाक्य. मग सगळ्या कणांत चार बुडबुड्यांनी काय बिघडणार? वर्तमानपत्र भिंतीला लावलं. छिद्र मोठं असताना कोपरे जरा विरघळले. ते लहान करताच चारी कोपऱ्यांतल्या जाहिराती वाचता आल्या. आतली काच उलटी असती, तर असं झालं नसतं, असं मला वाटतं. चूक असेल तर सांगावं.

पाशामियाँविषयी मीही चौकशी केली. हमिदाबी म्हणाल्या, पाशामियाँच्या अम्माचा एकही फोटो नाही. लेक फोटोवाला, पण धुणारा-छापणारा गडी परका. त्याच्या नजरेला पडायचं नाही, म्हणून अम्मा कधी बसल्याच नाहीत. माणूस भिंग का देतो, ते मला तेवढ्यानं कळलं.

भिंग मी ठेवलं. रागावावं, पण पत्र लिहिणं थांबवू नये.

आपली
नीलम्मा


॥ श्री ॥
धाराशिव, ता. १७ नोव्हेंबर १९४६

तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

महिना होत आला, आपलं उत्तर नाही. तरीही लिहिते, कारण शब्द दिला होता.

परवा अन्वरीचा फोटो घेतला. दालनात उत्तरेच्या दारापाशी खुर्ची मांडली. काळ्या कपड्याखाली मी सगळं जुळवून बाहेर आले, तोच अन्वरीच्या दादी आत डोकावल्या आणि ओरडल्या, की या भिंगानं पोरीला डोकं खाली, पाय वर केलंय! निकाहाच्या आधी असलं अशुभ न्हाय चालायचं, भिंग खोटं आहे, उचला. हमिदाबींचाही चेहरा उतरला. सगळ्याच भिंगांचं चित्र उलटं पडतं, छापल्यावर सुलट होतं, असं मी सांगत राहिले, कोणी ऐकेना. अखेर दादींनाच खुर्चीत बसवलं आणि अन्वरीला कपड्याखाली पाठवलं. दादी छताला लटकून पान चघळताहेत, हे पाहून ती पोरगी इतकी हसली, की दादींनाही हसू फुटलं. ते हसू ओठांवरून पुरतं जायच्या आत मी तिला खुर्चीत बसवलं आणि टोपी उचलली. हात कापला नाही.

फोटो चांगला आला आहे. गालिच्याची वीण खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत मोजता येते. डोळ्यांत ते हसू आहे.

आपण आता म्हणाल, छाप पाठव, तपासतो. अण्णा, तो पाठवता येणार नाही. घरातल्या पुरुषांखेरीज तो कोणाही पुरुषानं पाहायचा नाही, या बोलीवरच काम होतं. फिल्म आणि छाप, दोन्ही हमिदाबींनी ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. पाशामियाँनीही पाहिला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की तसबीर आली का? मी व्हय म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

आपल्यालाही तेवढ्यावरच भागवावं लागेल. आणखी दोन घरांची बोलावणी आली आहेत. ट्रंक भरली नाही.

आपल्या आशीर्वादाची वाट पाहणारी
नीलम्मा


॥ श्री ॥
सोलापूर, ता. २४ नोव्हेंबर १९४६

चि. नीलम्मास अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र चार वेळा वाचले. पुरावा पाहिल्याविना निष्कर्ष मान्य करणे मला कधी जमलेले नाही. आतली काच उलटी असती, तर कोपरे साफ झाले नसते, हे तुझे अनुमान बरोबर आहे. टोपीविषयीचेही बरोबर आहे.

तुझी वहिनी पुढच्या आठवड्यात धाराशिवास येत आहे. हमिदाबींनी हरकत न घेतल्यास तिला तो फोटो दाखवावा. तिच्याबरोबर माझे हातातले भिंग पाठवीत आहे. कोपरे कसे पाहायचे, ते मी तिला दोनदा समजावून सांगितले आहे. पण ती चेहराच पाहत बसणार, हे मला ठाऊक आहे. बसू दे.

फळी काढून तिच्याबरोबर देत आहे. तुझ्या उंचीची आहे, दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही. बाटल्या ठेवायला होईल.

तुझा
अण्णा